पोटातील बिऱ्हाडकरू

जिते स्थानकावर पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे आपटा मागे पडून थोड्याच वेळात रसायनी येते. नावावरूनच ओळखावे, हे रसायनांच्या कारखान्यांचे ठिकाण. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या येथील कारखान्यात जी कीटकनाशके तयार होत, त्यांत मोनोक्रोटोफॉस हे एक होते. भातावर व कपाशीवर ते फवारीत. किडीच्या मज्जातंतूंवर आघात करून ते तिला मारते. अधिक प्रमाणात पोटात गेल्यास माणसाच्याही जिवावर बेतते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अन्नपाण्यातून ते कणाकणाने पोटात जात राहिले तर?

याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना आपल्या आतड्यांतील बिऱ्हाडकरूंची दखल घ्यावी लागली. आपल्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जिवाणू राहतात. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात. हे बिऱ्हाडकरू फुकटे नव्हेत. आपण वालाची उसळ खातो. तिच्यातील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवितात, आणि त्यातून निघालेल्या सौम्य आम्लांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. इतके चोख भाडे कोण देतो!

मात्र समोर येईल ते खावे, हाही त्यांचा स्वभाव. मदुराई कामराज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना १८० दिवस मोनोक्रोटोफॉस मिसळलेले पाणी पाजले. उंदरांच्या रक्तातील साखर वाढली. मग त्यांच्या विष्ठेतील जिवाणू दुसऱ्या उंदरांच्या पोटात सोडले. त्या उंदरांनी विषाचा थेंबही घेतला नव्हता. तरी त्यांच्या शरीरास साखर पेलेना. जिवाणूंनी विषाचे विघटन करून ॲसिटेट बनविले होते, आणि आतडे व यकृत यांनी त्यापासून साखर तयार केली होती.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तथापि मदुराईजवळच्या खेड्यांतही, अशा कीटकनाशकांशी ज्यांचा संबंध येई, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले.

भाजी धुऊन घे, असे आई सांगते ते योग्यच आहे. पानावर बसलेले पुष्कळसे औषध त्याने निघून जाते. पण मोनोक्रोटोफॉस पानाच्या आत, झाडाच्या रसात शिरते. तेथे पाण्याचा हात पोहोचत नाही. भाजीपाल्यावर ते फवारण्यास भारतात २००५ साली बंदी झाली.