शेणावरची छत्री ताटात नको

भातलावणी उरकली आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली, की आहुपे, घाटघरच्या गायरानात शेणाच्या पोवांवर छत्र्या दिसू लागतात. खाली मंचर, नारायणगावकडे त्या उकिरड्यावर आणि मेंढ्या बसवलेल्या रानात येतात. वारुळाजवळची अळंबी ओळखणारी जाणती माणसं डोंगरपट्ट्यात आहेत, पण त्यांची पारख शेणावरच्या छत्रीला लावू नका.

हिचे बीजाणू चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात आणि न पचता शेणातून बाहेर पडतात. सकाळी उभी असलेली राखाडी छत्री दुपारपर्यंत शाईसारखी काळी होऊन गळाली, तर ती शाईछत्री. बारीक, ताठ दांडा, घंटेसारखी टोपी आणि खालच्या पात्यांवर काळे-करडे ठिपके, ही दुसरी जात. दांडा दाबल्यावर निळसर पडला, तर तिच्यात मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असू शकतं. शेणखत टाकलेल्या हिरवळीत येणारी मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री सगळ्यात फसवी. दिसायला खाण्याजोगी, पण उलट्या-जुलाबाने माणूस आडवा होतो. तिच्या पात्या पुढे हिरवट होतात.

खात्री करायची तर टोपी कापून पालथी पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो: काळा, जांभळट तपकिरी किंवा हिरवट. ठशाने गट कळतो, खाण्याची परवानगी मिळत नाही. चांदीचं नाणं, लसूण काळी पडणं, किड्यांनी खाल्लेली म्हणजे चांगली, या सगळ्या गप्पा. शिजवूनही सगळीच विषं जात नाहीत.

पिकाला मात्र या छत्र्यांचा त्रास नाही, बुरशीनाशक फवारून पैसे घालवू नका. शेतात टाकलेल्या खतातून त्या भराभर निघाल्या, तर बहुधा खत पुरतं कुजलेलं नाही. उसाला, भुईमुगाला असं कच्चं खत म्हणजे हुमणीला आमंत्रण. खड्डा पालटा, ओल ठेवा, काळं भुसभुशीत झाल्यावरच काढा. धिंगरी अळंबीचं पीक घेणाऱ्यांच्या पिशवीत शाईछत्री आली, तर काड नीट निर्जंतुक झालेलं नाही असं समजा. ती फुटण्याआधी काढून टाका.

कुणी खाल्लीच, तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन करा. उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या. सहा तासांनंतर सुरू झालेल्या उलट्या जास्त धोक्याच्या. मध्ये बरं वाटलं तरी घरी परतू नका, यकृताला झालेली इजा नंतर दिसते.