गेम बॉयचा अस्त

जपानमधील क्योतो हे नगर प्राचीन देवालयांसाठी व रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहे. याच नगरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी 'हानाफुदा' नावाचे, फुलांची चित्रे असलेले पत्ते बनविण्याचा उद्योग सुरू केला. त्या उद्योगाचे नाव निन्टेन्डो. त्यांचे पणतू हिरोशी यामाउची १९४९ साली संस्थेचे प्रमुख झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत ही संस्था पत्त्यांवरून खेळण्यांकडे व खेळण्यांवरून विजेवर चालणाऱ्या खेळयंत्रांकडे वळली. हातात मावणारे तिचे एक यंत्र जगभर गाजले. पुढे त्याचा अस्त झाला, तो मात्र कोणा परक्या प्रतिस्पर्ध्याकडून नव्हे. त्याच घरात जन्मलेल्या धाकट्या भावंडाने त्याची जागा घेतली.

१९६५ साली गुनपेई योकोई नावाचे तरुण या कारखान्यात पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागले. फावल्या वेळी त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांबणारा व आखडणारा हात बनविला होता. तो प्रमुखांच्या दृष्टीस पडला. रागावण्याऐवजी त्यांनी योकोई यांस त्याचे खेळणे करावयास सांगितले, आणि १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने ते बाजारात येऊन फार लोकप्रिय झाले. देखभाल करणारा नोकर अशा रीतीने खेळण्यांचा शिल्पकार झाला.

योकोई यांची विचारसरणी मोठी मजेची होती. अगदी नव्या व महाग तंत्राच्या मागे धावू नये; जे जुने झाले, स्वस्त झाले आणि ज्याचे गुणदोष पुरते कळून चुकले आहेत असे तंत्र घ्यावे व त्याचा कोणी न योजिलेला उपयोग शोधावा, असे त्यांचे मत होते. या मताची खरी कसोटी 'गेम बॉय' या यंत्राने लागली. २१ एप्रिल १९८९ रोजी ते जपानमध्ये १२,५०० येन किमतीस विक्रीस आले. त्याच्या पडद्यावर रंग नव्हते. हिरवट-करड्या रंगाच्या अवघ्या चार छटा, चार पेन्सिल सेल, काही बटणे आणि पाठीमागे एक खाच, एवढाच त्याचा संसार. त्या खाचेत खेळाची छोटी पेटी बसवावयाची. या पेटीस कार्ट्रिज म्हणतात. पेटी बदलली की खेळ बदलला.

त्याच वर्षी अटारी या अमेरिकन संस्थेने 'लिंक्स' हे रंगीत यंत्र काढले व पुढल्या वर्षी जपानमधील सेगा संस्थेने 'गेम गिअर' आणले. दोन्ही यंत्रे देखणी होती. पण दोहोंना सहा-सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांतच संपून जात. गेम बॉयचे चार सेल पंधरा तास तरी सहज टिकत. शिवाय मॉस्को येथील अलेक्सेई पाजित्नोव यांनी रचलेला 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा खेळ अमेरिकेत गेम बॉयबरोबरच मिळे, आणि त्याने लहानांबरोबर थोरांनाही वेड लावले. रंगीत प्रतिस्पर्धी एकेक करून मागे पडले.

१९९६ च्या फेब्रुवारीत 'पोकेमॉन' हा खेळ आला तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा, म्हणजे खेळयंत्राच्या आयुर्मानाने म्हाताराच झाला होता. या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांस बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता. रानात हिंडून चित्रविचित्र प्राणी जमवावे आणि दोन यंत्रे तारेने जोडून मित्राशी त्यांची अदलाबदल करावी, अशी त्यांनी खेळाची रचना केली. सगळे प्राणी एकट्याला मिळतच नसत, मित्र लागेच. या एका युक्तीने म्हाताऱ्या यंत्रास नवे तारुण्य आले. १९९८ साली त्याची रंगीत आवृत्ती निघाली. दोन्ही मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे खपली. योकोई यांनी मात्र १९९६ साली संस्था सोडली होती आणि १९९७ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यानंतर २१ मार्च २००१ रोजी आला 'गेम बॉय ॲडव्हान्स'. हे यंत्र कितीतरी अधिक वेगवान होते. याचा पडदा रुंद व रंगीत होता, आणि किंमत ९,८०० येन म्हणजे १९८९ च्या यंत्राहूनही कमी होती. त्याचा मोठा गुण असा की, जुन्या गेम बॉयची कार्ट्रिजेही त्याच्या खाचेत बसत व चालत. थोरल्या भावाने जपलेल्या पेट्या धाकट्याला वापरता येत. एक उणीव मात्र जाणवण्याजोगी होती. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. दिवसा खिडकीपाशी बसावे, रात्री दिव्याखाली सरकावे, आणि तरीही यंत्र तिरके धरून चित्र न्याहाळावे लागे. २००३ च्या फेब्रुवारीत 'एसपी' ही घडी घालता येणारी सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात पडद्यावर उजेड पाडणारा दिवा होता आणि सेलऐवजी चार्जिंगची बॅटरी होती. आता या यंत्रास दीर्घायुष्य लाभणार, असे कोणासही वाटले असते.

परंतु जानेवारी २००४ मध्ये निन्टेन्डोने दोन पडद्यांचे नवे यंत्र जाहीर केले. त्याचे नाव 'डीएस'. हे यंत्र गेम बॉयच्या जागी येत नसून घरातील 'गेमक्यूब' व हातातील 'ॲडव्हान्स' यांच्या जोडीने उभा राहणारा हा तिसरा खांब आहे, असे संस्थेचे सांगणे होते. या सांगण्यात सावधपणा होता, असे म्हणावयास हरकत नाही. दोन पडद्यांचा प्रयोग फसलाच, तर गेम बॉय हे नामांकित नाव तरी शाबूत राहावे! त्याच वर्षाच्या अखेरीस सोनी संस्थेचेही भपकेदार यंत्र येऊ घातले होते. तेव्हा धोका लहान नव्हता.

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत व डिसेंबरमध्ये जपानमध्ये डीएस विक्रीस आला. त्याचा खालचा पडदा स्पर्शाने चाले. त्यावर लेखणीसारख्या कांडीने लिहिता येई. आवाज ऐकण्यासाठी मायक्रोफोन होता आणि तारेवाचून दुसऱ्या यंत्राशी संधान बांधता येई. गंमत अशी की, घडी घालण्याचे व दोन पडद्यांचे यंत्र योकोई यांनी १९८२ सालीच 'गेम अँड वॉच' या मालिकेत करून दाखविले होते. नव्याचा चेहरा असा जुन्यावर गेला होता.

संस्थेचे तेव्हाचे प्रमुख सातोरु इवाता हे स्वतः खेळांची आज्ञावली लिहिणारे कसबी. खेळ फार अवघड होत चालल्यामुळे सामान्य माणूस त्यांपासून दुरावत आहे, ही त्यांची चिंता होती. २००५ साली डीएसवर पडद्यातील पिल्लाला हाक मारून जवळ बोलावण्याचा 'निन्टेन्डॉग्ज' हा खेळ आला, आणि तोहोकु विद्यापीठातील र्युता कावाशिमा यांच्या नावाने बुद्धीला व्यायाम देणारी गणिते-कोडी आली. ज्यांनी जन्मात बटणे दाबली नव्हती असे आजी-आजोबाही कांडी घेऊन बसले. तिसरा खांब पाहता पाहता घराचा मुख्य खांब झाला.

ॲडव्हान्स या यंत्रात तेव्हा कोणता बिघाड झाला होता? कोणताही नाही. त्याची बटणे पूर्वीइतकीच चालत होती. पण नुसते यंत्र म्हणजे कोरी पाटी होय. तिच्यावर कोणीतरी लिहावे लागते. एक मोठा खेळ तयार करण्यास चित्रकार, संगीतकार, आज्ञावली लिहिणारे अशा अनेकांचे वर्ष-दोन वर्षांचे श्रम लागतात. ही कसबी माणसे जेथे गिऱ्हाईक वाढते तेथे जातात. ती एकेक करून डीएसकडे वळली आणि जुन्या यंत्राच्या वाट्याला प्रसिद्ध चित्रपटांवरून घाईने बेतलेले खेळच अधिकाधिक येऊ लागले. दुकानाच्या फळीवर नव्या पेट्या दिसत, पण मुलाने त्यांसाठी पैसे साठवावे अशा थोड्याच.

या अस्ताची पावले मोजावयाची असतील तर खाचेकडे पाहावे. पहिल्या डीएसमध्ये नव्या खेळांच्या खाचेखेरीज ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजसाठी दुसरी खाच ठेवली होती; तीत पेटी अगदी चपखल बसे. मात्र १९८९ पासूनची जुनी गेम बॉयची कार्ट्रिजे तीत चालत नसत, आणि चौघांनी तारेने यंत्रे जोडून ॲडव्हान्सचा खेळ खेळण्याची सोयही उरली नाही. २००६ साली 'डीएस लाइट' हे सडपातळ यंत्र आले. त्याच्या खाचेत तीच पेटी घातली की ती थोडी बाहेर डोकावत राही, जणू घर लहान झाले व पाहुण्याला पाय पसरावयास जागा पुरेना. नोव्हेंबर २००८ मध्ये 'डीएसआय' निघाले तेव्हा यंत्र आणखी पातळ करण्यात आले, त्यात कॅमेरे बसविले गेले, आणि जुनी खाच नाहीशी झाली.

यादरम्यान सप्टेंबर २००५ मध्ये 'गेम बॉय मायक्रो' नावाची चिमुकली, सुबक आवृत्ती काढून जुन्या घराण्याचे नाव राखण्याचा प्रयत्न झाला. ते यंत्र जेमतेम २४ लाख खपले. गेम बॉय हे नाव धारण करणारे ते शेवटचे नवे यंत्र ठरले. सर्व आवृत्त्या मिळून ॲडव्हान्सची विक्री ८ कोटी १५ लाखांवर गेली, हे खरे. पण त्याला एकट्याने राज्य करावयास साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळच मिळाला. डीएसच्या घराण्याने १५ कोटी ४० लाखांचा पल्ला गाठला.

सर्वांत हृद्य कथा पोकेमॉनची आहे. सप्टेंबर २००६ मध्ये या मालिकेचे 'डायमंड' व 'पर्ल' हे खेळ डीएससाठी आले. ॲडव्हान्सवर वर्षानुवर्षे जमविलेले प्राणी नव्या खेळात नेण्याची सोय त्यात होती. जुनी पेटी दुसऱ्या खाचेत घालावी, सहा प्राणी निवडावे व ते पाठवावे. मग नव्या खेळातील एका रानात जाऊन ते पुन्हा पकडावे. मात्र एकदा गेलेला प्राणी मागे परतत नसे. पाठविण्यापूर्वी कितीतरी मुलांचा हात बटणावर थबकला असेल. सहा-सहा करून जुनी पेटी रिकामी होत गेली. २००८ नंतर ज्याने डीएसआय घेतले त्याला तर हा मार्गच उरला नाही.

जपानमधील लेखक शिगेसातो इतोई यांच्या 'मदर ३' या खेळाचे दैव निराळे. तो प्रथम दुसऱ्या यंत्रासाठी योजिला होता; तो बेत २००० साली सोडून द्यावा लागला. अखेर २० एप्रिल २००६ रोजी तो ॲडव्हान्सवर प्रसिद्ध झाला, म्हणजे दीपमाळ विझू लागल्यावर. जपानबाहेर त्याचे अधिकृत प्रकाशन झालेच नाही. तेव्हा काही हौशी वाचक-खेळाडूंनी कोणत्याही वेतनाविना एकत्र बसून त्याचा इंग्रजी अनुवाद केला व २००८ साली तो पुरा केला. एखाद्या यंत्राचा काळ सरला म्हणजे त्यावरील उत्तम कृतीही कशा अडगळीत पडू शकतात, याचे हे उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये निन्टेन्डोने वर्गणी भरणाऱ्यांसाठी ॲडव्हान्सचे काही निवडक खेळ आपल्या 'स्विच' या यंत्रावर पुन्हा उपलब्ध करून दिले.

ज्या घरांत जुनी कार्ट्रिजे जपून ठेवली आहेत तेथे एक वेगळीच अडचण उभी राहते. अशा अनेक पेट्यांच्या पोटात बटणाएवढा सेल असतो. १९९९ सालच्या गेम बॉयवरील पोकेमॉनमध्ये खेळाडूची सारी कमाई या सेलाच्या आधारावर साठविलेली असे. सेल संपला की सारे पुसले जाई. ॲडव्हान्सवरील 'रूबी' व 'सफायर' या २००२ सालच्या खेळांत कमाई राहते, पण आतले घड्याळ बंद पडते. खेळ सुरू करताना तशी सूचना पडद्यावर येते. मग त्या खेळातील जगात लावलेली फळझाडे वाढेनाशी होतात, आणि एका गुहेपाशी येणारी भरती-ओहोटी थांबून पाणी एकाच पातळीवर खिळून राहते. काही कसबी हौशी लोक पेटी उघडून, कथलाचा डाग देऊन नवा सेल बसवितात, आणि ते घड्याळ पुन्हा चालू होते.