तापणारा फ्यूज

वितळलेल्या फ्यूजची दखल सगळेच घेतात. दिवा विझतो, हॉर्न मुका होतो आणि गाडी गॅरेजमध्ये जाते. परंतु न वितळता नुसताच तापत राहणारा फ्यूज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वस्तुतः गाडीला आग लागण्याचे भय तिथेच अधिक. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्यावर उत्तर एवढेच की, शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान यासाठी पुरते.

उदाहरण ‘प्रीमियर पद्मिनी’चे घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात ‘फियाट ११००’ वरून तयार झालेली ही गाडी. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी हौसेने जपलेल्या गाड्या आजही दिसतात. अशा जुन्या गाड्यांतले फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते असतात. चिनी मातीचा लहानसा दांडा, त्यावर धातूची उघडी पट्टी, आणि टोके पितळी पत्त्यांच्या चिमट्यात धरलेली. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ अँपिअरचा.

आता थोडे गणित. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या पटीत वाढते, हे जूलने १८४१ साली मांडले. १२ व्होल्टच्या गाडीत ९६ वॅटचे दिवे लावले, तर ८ अँपिअर प्रवाह वाहतो. चिमटा स्वच्छ असून त्याचा रोध ०.००५ ओहम धरला, तर तेथे जेमतेम ०.३ वॅट उष्णता होते. गंज चढून अथवा पत्ती ढिली होऊन तो रोध ०.१ ओहम झाला, की उष्णता साडेपाच वॅटच्या वर जाते. तीही नखाएवढ्या जागेत! उष्णतेने पत्तीचा ताण जातो, गंज वाढतो आणि रोध आणखी चढतो.

मौज अशी की, रोध वाढल्याने प्रवाह उलट कमी होतो. वरील उदाहरणात तो साडेसात अँपिअरवर येतो. फ्यूजची योजना जादा प्रवाह तोडण्यासाठी असल्याने हा दोष त्याच्या पहाऱ्यातून निसटतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम उष्णता कोठे आहे ते पाहावे. एकच टोक काळवंडले असेल, तर दोष चिमट्यात किंवा तारेच्या टोकाशी आहे. फ्यूजबरोबर तारही लांबवर तापत असेल, तर भार जास्त आहे. मागाहून जोडलेले दिवे, मोठा हॉर्न, अडकून फिरणारी पंख्याची मोटार यांचा तपास करावा. नंतर दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक सुई फ्यूजच्या अलीकडच्या तारेवर आणि दुसरी पलीकडच्या तारेवर टेकवावी. व्होल्टचा किंचित अंशच दिसला तर ठीक. पाऊण व्होल्ट दिसला, तर सांधा बिघडलेला आहे. मग बॅटरीची तार सोडवून चिमटा बारीक पॉलिश पेपरने घासावा, पत्ती आवळावी, तारेचे टोक पक्के करावे, त्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवून पुन्हा मोजावे. पत्तीचा ताणच गेला असेल, तर चिमटा बदलणे उत्तम.

येथे एका घातक सवयीविषयी लिहिणे भाग आहे. टोकाच्या उष्णतेने पट्टी कधीकधी नेहमीच्या प्रवाहातही वितळते. तेव्हा पांढऱ्याच्या जागी लाल फ्यूज घातला जातो, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली जाते. रात्री घाटात दिवे गेले असता हा मोह होणे स्वाभाविक आहे; परंतु फ्यूज हा तारेचा रक्षक आहे. तो तारेहून दणकट केला, तर शॉर्ट सर्किट होताच आधी तार जळेल. तिच्या आवरणाने पेट घेतला, तर पेट्रोलची नळी तेथून फार दूर नसते. आठ अँपिअरची मर्यादा गाडीतल्या माणसांसाठी आखलेली असते, हे फ्यूज बदलणाऱ्या प्रत्येक हाताने ध्यानी ठेवावे.