तणनाशकाची पारख

पाठ: मत्तय १३:२४–३०

शेतांत निदण दिसतांच चाकर तें उपटावयास निघाले. परंतु धन्यानें त्यांस थांबविलें. त्याची पहिली काळजी गव्हाची होती. प्रभूनें स्वतः उलगडून सांगितल्याप्रमाणें तें शेत म्हणजे जग होय. सबब आम्हीं खुरपणी करूं नये असा ह्या दृष्टांताचा अर्थ नव्हे. तथापि धन्याचा विवेक आमच्या मळ्यांतही उपयोगी आहे.

कांद्याचें उदाहरण घेऊं. त्याची पात उभी व अरुंद असल्यामुळें जमिनीवर सावली धरत नाहीं. म्हणून तण त्यास लवकर दडपतें. खुरपणीस माणसें मिळत नाहींत, तेव्हां पुष्कळ बंधु तणनाशक आणितात व कोणाच्या तरी सांगण्यावरून एकदम सगळ्या वाफ्यांवर फवारतात. येथेंच वर्षाचें पीक गमावण्याचा धोका आहे. इ. स. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंत बाजारांत आलेलें २,४-डी हें औषध रुंद पानांचें तण मारून गवतवर्गी पिकांस राखतें. पण त्याचे तुषार वाऱ्यानें टोमॅटोवर किंवा द्राक्षवेलीवर गेले तरी पानें वेडींवाकडीं होतात. पेंडिमेथॅलिन उगवतें बीं मारितें; लव्हाळ्याच्या गांठी मात्र जिवंत राहतात.

ह्यास्तव आधीं डब्यावरील कागदावर आपल्या पिकाचें नांव पाहावें, प्रमाण तेथलेंच घ्यावें, आणि लहानशी कसोटी करावी. तीन वाफे आंखावे: एकांत औषध, दुसऱ्यांत खुरपणी, तिसऱ्यांत कांहींच नाहीं. हा तिसरा वाफा तणांत सोडणें जिवावर येतें. परंतु तो साक्षीदार नसेल तर तण औषधानें गेलें कीं मुळांतच थोडें होतें, हें कसें कळणार? पाटाजवळची व टोकाची जमीन सारखी नसते, म्हणून हीच मांडणी तीन-चार ठिकाणीं करावी. एक मीटर लांबीरुंदीच्या चौकटींतील तण जातवार मोजावें, पात करपली काय हें पाहावें, आणि काढणीच्या वेळीं प्रत्येक वाफ्याचा कांदा निराळा तोलावा. पुढील पिकाची उगवणही पाहावी, कारण कांहीं औषधांचा अंश मातींत उरतो.

तण मेलें, एवढ्यानें औषध चांगलें ठरत नाहीं. पीक वांचलें काय, हें विचारावें. मंडळींतही तसेंच आहे. सर्व गोष्टी पारखून चांगलें तें धरून ठेवावें, असें पौलानें थेस्सलनीकाकरांस शिकविलें. ज्या शिस्तीनें दोषाबरोबर दुर्बळ भावाचा विश्वासही जळून जातो, ती धन्याच्या मनासारखी नव्हे, हें उपदेशक बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.