शनिवार तेल्यांची शिदोरी

घराण्याचा इतिहास शोधावयाचा म्हटले, म्हणजे आपण प्रथम जुनी दप्तरे, सनदा आणि वंशावळी यांच्याकडे वळतो. परंतु सर्वच घराण्यांपाशी अशी साधने नसतात. शेत कसणाऱ्याच्या, घाणा चालविणाऱ्याच्या, होडी वल्हविणाऱ्याच्या घरात सनद कोठून असणार? अशा घराण्यांनी आपला इतिहास लिहून ठेवला नाही, हे खरे; पण त्यांनी तो मुळीच जपला नाही, असे मात्र नव्हे. तो त्यांच्या आडनावांत, सणांत आणि स्वयंपाकघरांत राहिला. याचे एक बोलके उदाहरण कोकणच्या किनाऱ्यावर आहे.

मुंबईहून समुद्रमार्गे मांडव्यास उतरून अलिबागची वाट धरावी, म्हणजे झिराड, किहीम, नवगाव ही गावे जवळपासच लागतात. आणखी दक्षिणेस गेले की चौलचे प्राचीन बंदर येते. पूर्वेस पेण, खाली रोहे आणि अष्टमी. रायगड जिल्ह्यातील ही नावे ध्यानात ठेवा. कारण झिराडकर, केहिमकर, नवगावकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे बेने इस्राएल समाजातही आढळतात. ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलाची संतती. हे लोक धर्माने ज्यू आणि मातृभाषेने मराठी. ‘बूट पॉलिश’ या १९५४ सालच्या चित्रपटात मुलांच्या प्रेमळ चाचाची भूमिका करणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर याच समाजातले. त्यांच्या नावाचा पूर्वार्ध पश्चिम आशियातून आला आणि उत्तरार्ध चौलहून!

हे लोक कोकणात केव्हा आले, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. त्यांची परंपरागत कथा अशी, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यावर लागली, ती वाचलेल्यांनी तेथेच पुरली. नवगावास त्या घटनेचे स्मारक आहे. गलबताबरोबर धर्मग्रंथही गेले. पुढे प्रार्थनेची भाषाही विस्मरणात गेली; ‘शमा’ नावाची एक लहानशी प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली.

ग्रंथ गेले, भाषा गेली. मग उरले काय? उरल्या त्या रोजच्या सवयी. या लोकांनी तेलाचा घाणा हा व्यवसाय पत्करला. परंतु शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारची रात्र पडेपर्यंत. कारण ज्यू धर्मात शनिवार हा विसाव्याचा पवित्र दिवस होय. शेजाऱ्यांनी हे पाहिले आणि त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले.

दुसरी सवय ताटातली. ज्या जलचराला पर आणि खवले दोन्ही आहेत तेच खावे, असा ज्यूंचा नियम आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांना दोन्ही नाहीत. तेव्हा त्या वर्ज्य. आता कोकणच्या किनाऱ्यावर राहावयाचे आणि कोळंबी खावयाची नाही, हे व्रत काही सोपे नव्हे! या नियमाविषयी त्यांच्यात एक कथा सांगतात. कित्येक शतकांनंतर रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. हे लोक आपल्याच धर्माचे असावेत, असा त्याला संशय आला. परीक्षा पाहण्यासाठी त्याने निरनिराळी मासळी आणून घरातील स्त्रियांना रांधावयास दिली. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. रहाबीला हवे ते उत्तर मिळाले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो. समाजाची ओळख चुलीपाशी जपली गेली, हा त्या समाजाचा स्वतःविषयीचा विश्वास तिच्यात आहे.

मात्र केवळ जुने धरून ठेवल्याने कोणी परमुलखात रुजत नाही. मांस आणि दूध एकत्र करू नये, हाही ज्यूंचा नियम. तो पाळावयास कोकणच्या नारळाने मोठे साहाय्य केले. मांसाच्या रश्श्यात त्यांनी नारळाचे दूध घातले. नव्या वर्षाच्या सणाला ते गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून हलवा करू लागले. सणांना त्यांनी मराठी नावे दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. बिरडे म्हणजे मोड आणून सोललेले वाल, हे कोकणच्या मुलांना सांगावयास नकोच. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते एलियाहू प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. त्यात पोहे, ओला नारळ, साखर, वेलची आणि सुका मेवा असतो. शेजारी फळे मांडतात. ‘मलिदा’ हा शब्द मूळ फारसी, पोहे कोकणच्या भाताचे आणि प्रेषित ज्यूंचा. एका तबकात केवढा प्रवास सामावला आहे, पाहा!

अठराव्या शतकात यांपैकी काही कुटुंबे मुंबईस आली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधविले. पुढे १९४८ मध्ये इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाले आणि समाजातील बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. तेथे त्यांचे स्वागत मात्र सर्वांनीच मोकळ्या मनाने केले नाही. ‘तुम्ही खरोखरच ज्यू आहात काय?’ असा प्रश्न काही धर्मगुरूंनी उपस्थित केला. ज्यांच्या पूर्वजांनी एकटेपणीही शनिवार मोडला नाही, त्यांना हा प्रश्न किती झोंबला असेल! त्यांनी धरणे धरले, निषेध केला. आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यूच आहेत, हे तेथील शासनाने मान्य केले.

कोकणात असताना शनिवारच्या विसाव्याने आणि मासळीच्या नियमाने त्यांना आपल्या मूळ देशाची आठवण राखून दिली. इस्राएलला गेल्यावर पोहे आणि नारळ त्यांना कोकणची आठवण देऊ लागले. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. माणसाचे मूळ एकाच मातीत असते, असे नाही. ज्या ज्या भूमीने त्याला अन्न दिले, त्या त्या भूमीचा अंश त्याच्यात उतरतो.

मुलांनो, तुमच्या घरीही अशी एखादी शिदोरी असेल. एखादा पदार्थ वर्षातून एकाच दिवशी होत असेल. एखादी भाजी अमुक दिवशी वर्ज्य असेल. कुलदैवत दूरच्या गावी असेल. त्यामागचे कारण आजीला किंवा आजोबांना विचारा. त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे वहीत उतरवा आणि शक्य झाल्यास त्या गावी जाऊन या. ऐकलेली कथा आणि डोळ्यांनी पाहिलेली खूण यांची वहीत वेगवेगळी नोंद ठेवा. कारण दोहोंचे मोल असले, तरी दोन्ही एक नव्हेत. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. सांगणारे माणूस गेले की पदार्थ काही वर्षे होत राहतो, पण तो का करावयाचा हे कोणालाच सांगता येत नाही. आणि मग एके वर्षी तो होईनासा होतो.

स्वाध्याय

१. बेने इस्राएलांना ‘शनिवार तेली’ हे नाव का मिळाले?
२. रहाबीने कोणती परीक्षा घेतली? तिच्यावरून त्याने काय ओळखले?
३. ‘एका तबकात केवढा प्रवास सामावला आहे’ असे लेखक का म्हणतो?
४. या पाठातील परंपरागत कथा आणि इतिहासात नोंदलेल्या घटना यांच्या दोन याद्या करा.
५. तुमच्या घरातील एका पदार्थाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.