दोघांपुरती रमी

प्रश्न : मुलं नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरला गेली. घरी आम्ही दोघंच. रमी शिकावीशी वाटते, पण त्याला चार-पाच जण लागतात ना? शिवाय जोकरचा हिशेब जमत नाही. हा जुगार तर नव्हे?
– एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : ताई, चार-पाच जण लागतात ते तेरा पानी रमीच्या फडाला, तीही दोघांत खेळता येते. तुम्ही मात्र ‘जिन रमी’ने सुरुवात करा. ती मुळातच दोघांची. 52 पानांचा एकच कॅट, जोकर नाहीच.

प्रत्येकी 10 पानं वाटा, एक पान उताणं ठेवा, उरलेली गड्डी पालथी. दर खेपेला एक पान उचलायचं, एक टाकायचं. एकाच रंगाची ओळीनं तीन पानं (बदाम पंजा, छक्का, सत्ता) किंवा तीन राण्या अशी जुळणी करायची. एक्का इथे फक्त दुर्रीखाली; राजाच्या वर नाही. न जुळलेल्या पानांची बेरीज 10 किंवा कमी झाली की डाव उघडता येतो. चित्रांचे 10, एक्क्याचा 1. घाई मात्र नको : समोरच्याची बेरीज तुमच्याइतकी किंवा कमी निघाली, तर गुण त्याला! पहिले चार डाव पानं उघडी ठेवूनच खेळा. यजमानांनी कुरकुर केली तरी.

सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं आहे. पैसे लावू नका, एवढंच. मोबाइलवरच्या पैशांच्या रमीवर तर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. गुण वहीत मांडा. आधी 100 करील तो जिंकला.