दुबईवरून जाणारे तिकीट स्वस्त का पडते?

प्रश्न : माझी मुलगी हॅम्बुर्गला शिकते. तिच्याकडे जायचे म्हणून आम्ही मुंबईहून तिकिटे पाहिली. जर्मन कंपनीच्या विमानाने फ्रँकफुर्टला उतरून पुढे जाण्यापेक्षा दुबई किंवा दोह्यावरून जाणे बऱ्याच तारखांना स्वस्त दिसले. शेजारी म्हणतात, ‘त्यांच्याकडे तेल फुकट, त्यांना काय कमी!’ हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर युरोपातल्या कंपन्या गप्प कशा बसतात?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : फुकट तेलाचा समज सगळीकडेच आहे, पण हिशेब तसा नाही. विमान जिथून उडते तिथे इंधन भरते. दुबईहून हॅम्बुर्गला गेलेले, दुबईच्याच एमिरेट्स कंपनीचे विमान परतीसाठी हॅम्बुर्गलाच टाकी भरते आणि तिथल्याच दराने पैसे मोजते. शिवाय अमिरातींमधला तेलाचा मोठा साठा अबू धाबीकडे आहे, दुबईकडे फार थोडा. म्हणून तर दुबईने बंदर, व्यापार आणि विमानतळ यांवर भर दिला. 1985 मध्ये सरकारने दिलेले 1 कोटी डॉलर आणि पाकिस्तानच्या सरकारी कंपनीकडून भाड्याने घेतलेली दोन विमाने एवढ्यावर एमिरेट्स उभी राहिली. तिच्या अगदी सुरुवातीच्या मार्गांमध्ये कराचीबरोबर आपली मुंबईही होती.

आखाती कंपन्यांचे खरे भांडवल नकाशावर आहे. मुंबई ते दुबई अंतर सुमारे 1,900 किलोमीटर. युरोपला जाताना ही वाट फारशी वाकडी पडत नाही. मुंबईहून हॅम्बुर्गला रोज एक विमान भरेल एवढे प्रवासी मिळत नाहीत. पण समजा मुंबईचे दहा, कोचीचे सात, ढाक्याचे पाच, मनिलाचे आठ असे तीस-चाळीस शहरांतले प्रवासी रात्रीतून दुबईत उतरले, तर त्यांचे मिळून हॅम्बुर्गचे विमान भरते. त्याच तासा-दोन तासांत ग्लासगो, न्यूकॅसल, बोलोन्याकडे जाणारी विमानेही अशीच भरतात. मनमाडला गाडी बदलावी, तसा हा प्रकार. फक्त जंक्शन अख्ख्या जगाचे. मोठे विमान भरून गेले की दर खुर्चीमागे खर्च उतरतो. म्हणूनच एमिरेट्सने ए-380 ही दुमजली विमाने शंभराहून अधिक घेतली, तर जर्मनीच्या लुफ्तान्साने अवघी 14.

अशी साखळी जमायला विमानतळ रात्रभर जागा असावा लागतो. दुबई चोवीस तास चालू असते. फ्रँकफुर्टला 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 नियमित उड्डाणे बंद आहेत. लंडनच्या हीथ्रोवर वर्षाला 4 लाख 80 हजार उड्डाणे-उतरणी एवढीच मर्यादा आहे. विमानतळाशेजारी राहणाऱ्या माणसांच्या झोपेसाठी युरोप ही किंमत मोजतो, आणि ती मोजण्याजोगीच आहे.

नकाशा आणि वेळापत्रक यांतून मिळणारा फायदा सरळ कमाईचा आहे. पुढचे दोन मुद्दे मात्र इतके सरळ नाहीत.

पहिला मनुष्यबळाचा. अमिरातींमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे कर्मचाऱ्याच्या हातात तेवढेच पैसे पडण्यासाठी कंपनीला कमी खर्च येतो. पण तिथे कामगार संघटना काढता येत नाही आणि संपही करता येत नाही. जर्मनीत 2024 च्या सुरुवातीला लुफ्तान्साच्या जमिनीवरच्या आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांनी संप करून पगारवाढ मिळवली. तो खर्च तिकिटात येतो. गिरणी कामगारांचे लढे पाहिलेल्या महाराष्ट्राला संघटनेच्या हक्काचे मोल वेगळे सांगायला नको. हा हक्क नाकारून झालेली बचत ही कार्यक्षमता नव्हे.

दुसरा सरकारी पैशाचा. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तीन अमेरिकी कंपन्यांनी 2015 मध्ये आरोप केला की एमिरेट्स, कतार एअरवेज आणि एतिहाद यांना दहा वर्षांत मिळून 42 अब्ज डॉलरची सरकारी मदत मिळाली. लुफ्तान्सा आणि एअर फ्रान्सचाही सूर तोच होता. आखाती कंपन्यांनी आरोप फेटाळला. पण 2020 मध्ये करोनाने विमाने जमिनीवर आली, तेव्हा लुफ्तान्साला 9 अब्ज युरोच्या सरकारी मदतीचा आधार मिळाला आणि दुबई सरकारनेही एमिरेट्समध्ये पैसे घातले. अडचणीत दोघांनीही सरकारचे दार ठोठावले. आणि नुसत्या पैशाने बाजार जिंकता येतो असेही नाही. अबू धाबीच्या एतिहादने एअर बर्लिन आणि अलितालिया या युरोपीय कंपन्यांत मोठे हिस्से घेतले. 2017 मध्ये दोन्ही कंपन्यांनी दिवाळखोरीचा मार्ग धरला.

युरोप गप्प बसलेला नाही. अन्याय्य स्पर्धेची चौकशी करता यावी म्हणून युरोपीय संघाने 2019 मध्ये नवा नियम केला. 2021 मध्ये कतारशी खुल्या आकाशाचा, म्हणजे हव्या तितक्या उड्डाणांची मुभा देणारा, करार करताना न्याय्य स्पर्धेच्या अटीही त्यात घातल्या. तरी एक तक्रार शिल्लक आहे आणि ती रास्त वाटते. 2025 पासून युरोपच्या विमानतळांवरच्या इंधनात 2 टक्के पर्यावरणपूरक इंधन सक्तीचे आहे आणि ते महाग आहे. हॅम्बुर्गहून दुबईमार्गे सिंगापूरला जाणाऱ्याला त्याची झळ दुबईपर्यंतच लागते. फ्रँकफुर्टहून थेट जाणाऱ्याला संपूर्ण प्रवासभर.

आता तुमच्या तिकिटाकडे येऊ. भाडे नुसत्या खर्चावर ठरत नाही, समोर कोण उभा आहे त्यावरही ठरते. तुम्हाला हॅम्बुर्गला जाताना फ्रँकफुर्टवरून काय आणि दुबईवरून काय, विमान बदलावेच लागते. त्यामुळे दोघेही तुमच्यासाठी भाव पाडतात. पण भारत-दुबई मार्गावर सरकारी करारानुसार आठवड्याला प्रत्येक बाजूला सुमारे 66 हजार जागांचीच मुभा आहे. दुबईला ती वाढवून हवी आहे, आपले सरकार हात आखडता घेते. जागा मोजक्या असल्या की मे महिन्याच्या सुट्टीत भाडे चढणारच.

तिकीट काढताना किमतीबरोबर हक्कही पाहा. विमानाला फार उशीर झाल्यास भरपाई देणारा युरोपीय संघाचा 2004 चा नियम युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक कंपनीला लागू आहे. म्हणजे हॅम्बुर्गहून परतताना, एकाच बुकिंगवर दुबईमार्गे आलात तरी तुम्हाला त्याचे संरक्षण आहे. मुंबईहून जाताना मात्र ते युरोपीय कंपनीच्या विमानातच मिळते. तिकिटात बॅगेचे किती किलो धरले आहेत आणि मधला थांबा किती तासांचा आहे, हेही ताडून बघा.

दुबईवरून जाणे सोयीचे असेल तर निःशंक जा. स्पर्धा आहे म्हणूनच मुलीला भेटायला जाणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे, आणि ती टिकायला दोन्ही बाजू टिकल्या पाहिजेत. त्यासाठी जागांवर कुलूप घालून चालणार नाही. कंपन्यांचे हिशेब उघडे हवेत, पर्यावरणाचे नियम सर्वांना सारखे हवेत आणि विमानात चहा देणाऱ्या मुलीलाही संघटना करण्याचा हक्क हवा. एवढे झाल्यावर ज्याचे तिकीट स्वस्त पडेल, त्याने ते आपल्या हुशारीवर कमावले असेल.